मायनं बांधलेली पट्टी

मी रागीट आहे. हे आधी माझ्याच तोंडानं सांगून टाकतो, कारण नाहीतर लोक सांगतातच, आणि तिखटमीठ लावून सांगतात. अमरावतीच्या फूलबाजारात एकानं माझ्या ताज्या झेंडूला शिळा म्हटलं, तेव्हा मी त्याचा तराजू उचलून रस्त्यावर फेकला होता. भिंतीवर आपटून मोबाइल फोडले आहेत. आवाज एकदा चढला की मलाच आवरत नाही. पण माणसावर, त्यातही घरच्या बाईवर, मी आजवर हात उचललेला नाही. आयुष्यात मी स्वतःला एवढं एकच काम नेमून दिलं होतं, आणि ते मी नीट केलं होतं. घरच्यांना ते दिसतं, असं मी धरून चाललो होतो.

आमचं शेत तिवसा तालुक्यात आहे. विहिरीला पाणी आहे, म्हणून कापूस-सोयाबीनच्या नादी न लागता आम्ही फुलं आणि भाजी करतो. झेंडू, शेवंती, थोडी वांगी, पालक. घरात माणसं तीन: मी, माझी बायको रागिणी आणि माय. मायचं नाव मैनाबाई. बाप जानराव जाऊन बरीच वर्षं झाली. त्याचा फोटो पुढच्या खोलीत टांगलेला आहे. सकाळची तोडणी झाली की पहिल्या फुलांचा हार माय ओवते आणि तो फोटोवर मी चढवतो, कारण तिचा हात पोचत नाही.

बाप मायला मारायचा. ही काही आमच्या घराची लपलेली गोष्ट नव्हती, सगळ्या वस्तीला ऐकू जायचं. मला मिसरूड फुटत होतं तेव्हा एकदा मी मधे जाऊन उभा राहिलो. माझं तोंड बापाकडे आणि पाठ मायकडे. बाप बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला, मग बिडी पेटवून बाहेर निघून गेला. त्यानंतर माझ्यासमोर तरी त्यानं हात उचलला नाही. मला पुढं कधीही स्वतःबद्दल काही बरं वाटून घ्यायचं असलं की मी तो दिवस आठवायचो. मायनं माझी ती पाठ पाहिली आहे, आता तिला माझ्याबद्दल वेगळं काही सांगायची गरज नाही, असं मला वाटायचं.

बापानंतर मी बिडीला कधी हात लावला नाही. सुपारी-तंबाखूचा खर्रा खातो, ते खोटं बोलणार नाही.

यंदा भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या तोंडावर फुलांची मरणाची घाई होती. पाऊस भरपूर झाला होता आणि धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, गवत कमरेला लागत होतं. रागिणी रोज त्या गवतात बसून शेळ्यांसाठी विळ्यानं चारा कापायची आणि भारा डोक्यावर घेऊन यायची. अशात तिनं अकोल्याला माहेरी जायचं काढलं. मी म्हणालो, सण होऊ दे. ती म्हणाली, सण झाला की दसरा येते, मग दिवाळी येते, मी कधी जाऊ? शब्दाला शब्द वाढला. मी हातातला स्टीलचा गिलास भिंतीवर मारला. भिंतीवर, तिच्यावर नाही. पोपडा उडाला, गिलासाला पोचा आला. माय ओट्यावर देठ खुडत बसली होती. ती म्हणाली, “बापावर गेला बाई, बापावर.” ती हे नेहमीच म्हणायची आणि रागिणी तोंडाला पदर लावून हसायची. त्या दिवशीही हसली, आणि आमचं भांडण तिथंच संपलं.

नंतर काही दिवसांनी रागिणीला ताप भरला.

साधा ताप म्हणून आधी गोळ्या झाल्या. पण तो उतरेना. डोकं फुटतं म्हणायची, डोळ्यांच्या खोबणी दुखतात म्हणायची, उजेड सहन होत नव्हता. माय तिच्याजवळून हलत नव्हती. ओल्या फडक्यानं अंग पुसायची, कपडे बदलायची, पेज भरवायची. मी बाजारातून घाईघाईनं येऊन पाहायचो तेव्हा माय दाराशी येऊन म्हणायची, “झोपली हाये, उठवू नको तिले.” मला त्यात प्रेमाशिवाय काही दिसलं नाही.

तिवशाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. ताप तसाच. तिथंच मी पहिल्यांदा रागिणीच्या कमरेची पट्टी पाहिली. मायच्या जुन्या लुगड्याची फाडलेली पट्टी, हळदीनं पिवळी झालेली, कमरेभोवती दोन पदरी गुंडाळून घट्ट गाठ मारलेली.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“अंगारा हाये,” माय म्हणाली. “परतवाड्याच्या मावशीनं पाठोला. ताप उतरल्याबिगर सोडाचा नसते.”

मला या अंगाऱ्या-धुपाऱ्याची चीड आहे. पण माय म्हातारी, सुनेसाठी जीव टाकते आहे, कशाला तिचं मन मोडा, म्हणून मी गप्प बसलो. राग आवरल्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

मग अमरावतीचा दवाखाना. तिथं डेंग्यू नाही म्हणाले, मलेरिया नाही म्हणाले. रक्तातल्या प्लेटलेट उतरत होत्या, काविळीसारखी डोळ्यांत पिवळी झाक आली होती. तिथल्या डॉक्टरनं माझ्यासमोर स्पष्ट विचारलं, “अंगावर कुठे पुरळ आहे का? फोड, काळा डाग, काहीही?”

मी तोंड उघडायच्या आत माय म्हणाली, “नाई, काईच नाई. मीच पुसतो ना अंग रोज.”

नर्सनं पट्टीकडे बोट केलं तर मायनं तिच्याही हातापाया पडून अंगाऱ्याची गोष्ट सांगितली. दवाखान्यात कोणाच्या हातात गंडा असतो, कोणाच्या गळ्यात ताईत. नर्सनं बिचारीनं मान ठेवला आणि पट्टी न सोडता वरूनच गाऊन चढवला. आता वाटतं, माझ्या घरच्यांचा मान कोणी ठेवायलाच नको होता.

रागिणीची शुद्ध जायला लागली. मला ओळखायची, पण भलतंच बोलायची. “शेवंती झाकून ठेवा,” म्हणायची. श्वास भराभर चालायचा. नेहमीचं भारी अँटिबायोटिक चालू होतं आणि त्याचा काही उपयोग दिसत नव्हता. मी कॉरिडॉरमध्ये येऊन भिंतीला डोकं टेकवून उभा राहायचो. मला रडता येत नाही, राग येतो. त्या दिवसांत मला सगळ्यांचा राग आला, डॉक्टरांचा, पावसाचा, स्वतःचा, की हिला माहेरी जाऊ दिलं असतं तर निदान तिला इतकं राबावं लागलं नसतं. एका मायचा तेवढा आला नाही.

अकोल्याहून तिचा मोठा भाऊ सूर्यभान आला. जठारपेठेत त्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस शांत, मला आजवर ‘गोपालराव’ सोडून दुसऱ्या नावानं हाक मारलेली नाही. त्यानं बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाला, “गोपालराव, अकोल्याले एक डॉक्टरीन हाये, दामिनी म्हनून. तापाच्या बिमाऱ्यायचीच डॉक्टर हाये ते. आपन घेऊन जाऊ.” मी नाही म्हणण्याच्या परिस्थितीत नव्हतो. अ‍ॅम्ब्युलन्स केली. बडनेरा, मूर्तिजापूर मागं गेलं. माय मागं रागिणीच्या उशाशी बसली होती आणि सगळा रस्ता तिचा एक हात त्या पट्टीवर होता.

डॉक्टर दामिनी वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी आधीचे कागद चाळले आणि बाजूला ठेवले. म्हणाल्या, “मी हिला डोक्यापासून तळपायापर्यंत स्वतः पाहणार. पडदा ओढा. बाकीचे बाहेर.” माय आत राहिली. मी आणि सूर्यभान पडद्याच्या अलीकडे उभे राहिलो.

आतून मायचा आवाज आला, “ते नका सोडू बाई. अंगारा हाये.”

“आजी, हात काढा.”

“ताप उतरल्यावर सोडू.”

मला सहन झालं नाही. मी बाहेरून ओरडलो, “सोडू दे ना माय! काय लावलं त्या पट्टीचं!”

कात्रीचा आवाज आला. मग डॉक्टर बाहेर आल्या. त्यांचा चेहरा बदलला होता. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सूर्यभानकडे.

“पट्टीखाली हळद आहे, अंगारा नाही. आणि हळदीखाली एक डाग आहे. गोल, काळा, बिडीनं चटका दिल्यासारखा. हा चटका आहे की आपोआप आलाय, हे मला खरं खरं पाहिजे. आपोआप आला असेल तर हा आजार कोणता ते मी आत्ता सांगू शकते आणि त्याचं औषध माझ्याकडे आहे. कोणी भाजलं असेल तर तापाचं कारण मला दुसरीकडं शोधावं लागेल. आणि हिच्याकडे फार वेळ नाही.”

त्यांनी विचारलं त्यात माझी काही तक्रार नाही. हे ठासून सांगतो. असले डाग घेऊन बाया दवाखान्यात येतात, आणि कुठल्या डॉक्टरनं तरी हा प्रश्न विचारायला पाहिजे. माझ्या मायच्या वेळी कोणी विचारला असता तर बरं झालं असतं.

सूर्यभाननं माझी कॉलर धरली. इतका शांत माणूस तो. “गोपाल, काय केलं तू माया बहिनीले?”

“मी काही केलं नाई. मले त्या डागाचं माहीतच नाई. मायले विचारा. माय, सांग ना यायले!”

माय पडद्याबाहेर आली होती. मी तिच्याकडे वळलो तेव्हा मला खरंच सुटल्यासारखं वाटलं. आता ही बोलेल. आता ही सगळ्यांना सांगेल की माझं लेकरू तसं नाही.

मायनं दोन्ही हात जोडले. माझ्याकडे पाहून नाही. सूर्यभानकडे पाहून.

“भाऊ, तुमच्या पाया पडतो. लेकरू हाये. राग आला असन, डोकं फिरलं असन. पोलिसात नका जाऊ. पुन्हा नाई करनार तो, मी सांगतो त्याले.”

कॉलरचं बटण तुटून फरशीवर पडलं, ते मला ऐकू आलं. बाकी मला काही ऐकू येईना. मी म्हणालो, “माय.” एवढंच. ज्या माणसाच्या तोंडासमोर मी उभा राहिलो होतो, मायनं मला उचलून त्याच्याच जागी नेऊन ठेवलं होतं. तेही माझी बाजू घेऊन.

“तुम्ही पाहिलं का आजी, यानं भाजताना?” डॉक्टरांनी विचारलं.

“पाह्याले कायले लागते?” माय म्हणाली. “मी तिचं अंग पुसलं तवा दिसला. भाजल्याचाच डाग हाये. मले माहीत हाये तो कसा दिसते.”

“कसं माहीत आहे?”

मायनं डॉक्टरांचा हात धरला आणि त्यांना पडद्याआड नेलं. डॉक्टरांनी मलाही आत यायची खूण केली. सूर्यभान बाहेर राहिला.

मायनं लुगड्याचा काठ कमरेवरून थोडा खाली सरकवला. मी मान फिरवायला पाहिजे होती, पण फिरवली नाही. जुने, पांढुरके, आकसलेले गोल डाग. एकाशेजारी एक. बापाच्या बिडीचे. बाप मारायचा हे सगळ्या वस्तीला माहीत होतं, हे मात्र कोणाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. माझ्यासमोर हात उचलणं बापानं सोडलं होतं, ते कशावर भागवलं होतं ते मला तिथं दिसलं.

डॉक्टरांनी फार हळू आवाजात विचारलं, “आजी, हे नवे होते तेव्हा दुखायचे?”

“दुखाचे म्हंजे? लुगडं लागलं तरी जीव जाये.”

“बरं. आता इकडं बघा.”

त्या रागिणीकडे वळल्या. कमरेच्या बाजूला, नेमका जिथं परकराचा नाडा बसतो तिथं, हळद पुसलेला तो डाग होता. मधे काळी खपली आणि भोवती लाल कडं. डॉक्टरांनी हातमोजा घातलेल्या बोटानं कडेला दाबलं. रागिणी हलली नाही. आणखी जोरात दाबलं. काही नाही. मग त्यांनी तिच्या हातावर चिमटा काढला तशी रागिणी कण्हली आणि हात ओढून घेतला.

“हिला दुखणं कळतं,” डॉक्टर म्हणाल्या. “पण हा डाग दुखत नाही. भाजल्याचा डाग असा कधी नसतो. जांघेतली गाठही सुजलीय. हिला कोणी भाजलेलं नाही. किडा चावलाय. हा स्क्रब टायफस आहे. सिस्टर, डॉक्सी आणा. रक्त तपासायला पाठवा, पण रिपोर्टसाठी थांबायचं नाही.”

नंतर त्यांनी मला आणि सूर्यभानला बसवून समजावून सांगितलं. पावसाळ्यात वाढलेल्या गवतात डोळ्यालाही न दिसणारा बारीक किडा असतो. अंगावर चढतो आणि जिथं कपडा घट्ट बसतो तिथं चावतो, नाड्याखाली, काखेत. चावलेलं कळतसुद्धा नाही. त्यातून जंतू रक्तात जातात, आणि वेळेवर धरलं नाही तर फुप्फुसं, लिव्हर, मेंदू, सगळ्याला धरतात. नेहमीची तापाची भारी इंजेक्शनं या जंतूवर चालत नाहीत. ज्याच्यावर हा जंतू मरतो ते औषध जुनं आहे, साधं आहे, कुठंही मिळतं. फक्त कोणत्या रोगाला द्यायचं ते कळावं लागतं, आणि ते सांगणारा तो काळा डाग असतो.

“अमरावतीला त्यांनी डागाचं विचारलं होतं ना?” त्या म्हणाल्या. “बरोबर विचारलं होतं.”

मी मान हलवली.

औषध लागू पडलं. दुसऱ्याच दिवशी ताप उतरणीला लागला. श्वासाला मात्र वेळ लागला, मध्ये एक दिवस असा गेला की डॉक्टर कोणाशी नीट बोलत नव्हत्या. पण मग रागिणीनं डोळे उघडून मला विचारलं, “शर्टाचं बटन कुठी गेलं तुमच्या?” मी म्हणालो, “अटकलं कुठीतरी.” आणि संडासात जाऊन तोंडावर पाणी मारत बसलो.

सूर्यभान चहा घेऊन आला. “मनावर नका घेऊ गोपालराव. माया जागी तुमी असते तं तुमी बी हेच केलं असतं.” हे खरं होतं. मला बहीण असती आणि तिच्या अंगावर तसा डाग दिसला असता तर मी कॉलरवर थांबलो नसतो. मी चहा घेतला. त्याच्यावर माझा राग टिकला नाही, टिकवायचा म्हटला तरी टिकला नाही.

माय दवाखान्याच्या बाहेर, पायरीवर उन्हात बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. बसलो नाही.

“माय, मले विचारलं काहून नाई?”

ती पदराचं टोक चोळत होती.

“विचारून काय झालं असतं? नाईच म्हनला असता तू. तुया बापाले कोनी विचारलं असतं तं तो बी नाईच म्हनला असता.”

“मी बिडी ओढतो काय?”

“उदबत्ती तं असते घरात,” माय म्हणाली.

म्हणजे तिनं सगळा विचार केला होता. कशानं, कधी, का. गिलास फेकला त्या दिवसाशी तिनं डाग जोडला होता, माझ्या हातात उदबत्ती दिली होती, मला न विचारता माफही करून टाकलं होतं. आणि मग रोज माझ्यासमोर भाकरी वाढली होती, ‘आणखी घे’ म्हणाली होती. मी ती खात होतो.

“ती मरून राहिली होती माय. तुले दिसत नव्हतं?”

“ताप हाये, उतरन, असं वाटलं. डागाचा अन् तापाचा काय समंध, मले काय माहीत?” मग एकदम तिचा आवाज फुटला. “मले वाटलं तुले वाचवाव. तिच्या मायघरचे आले अन् दिसलं तं तुले घेऊन जातीन. माया जवय दुसरं कोन हाये?”

“अन् मी तुयासमोर उभा राह्यलो होतो ते? बापाच्या पुढे? ते नाई आठोलं तुले?”

“आठोते ना,” माय म्हणाली. “तवा लहान होता तू.”

मी आवाज चढवला नाही. त्या दिवशी चढवायला पाहिजे होता, ओरडायला पाहिजे होतं, पायरीवर डोकं आपटायला पाहिजे होतं. पण चढवला असता तर ती मान हलवून म्हणाली असती, पाह्य, म्हनलं होतं ना. मायनं माझा रागसुद्धा माझ्याजवळ ठेवला नव्हता.

आम्ही रागिणीला घरी आणलं. झेंडू तोपर्यंत फुलून झाडावरच वाळला होता. रागिणीला बरीच कमजोरी होती, भिंत धरून चालायची. तिला सगळं तिच्या वहिनीनं फोनवर सांगितलं. त्या दिवशी तिनं माझा शर्ट घेतला, बटण लावायला बसली आणि मान वर न करता म्हणाली, “मले शुद्ध असती तं मी सांगतलं असतं.”

“काय सांगतलं असतं?”

“की तुमी गिलास फेकता फक्त.”

मला हसू आलं आणि मग आलं ते हसू नव्हतं. तिनं दोरा दातानं तोडला आणि शर्ट माझ्या मांडीवर ठेवला. मला ओळखणारं जगात एक माणूस तरी होतं. पण जिनं मला जन्म दिला ती ते नव्हती, आणि हे मला कोणत्याच बाजूनं गिळता येत नव्हतं.

त्या दिवसापासून मी बापाच्या फोटोला हार चढवत नाही. माय ओवते तशीच ओवते. मी एकदा म्हणालो, “ज्यानं तुले भाजलं त्याले हार, अन् ज्यानं कोनालेच भाजलं नाई त्याच्यासाठी तू हात जोडत फिरली.” ती म्हणाली, “मेलेल्या मानसाचं काय घेऊन बसतं,” आणि स्टूल ओढून आणलं. आता ती स्टुलावर चढून स्वतः हार घालते. मी पाहत बसतो.

दामिनी डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं: गवतातून आलं की अंगावरचे कपडे धुवायला टाकायचे, गरम पाण्यानं आंघोळ करायची आणि एकमेकांचं अंग पाहायचं. कंबर, काखा, मानेमागं केसांत, जिथं आपल्याला आपलं दिसत नाही तिथं. रागिणीला अजून धुऱ्यावर जाऊ देत नाही, त्यामुळे शेळ्यांचा चारा मी आणि माय कापतो. माझी पाठ रागिणी पाहते. मायनं मात्र अंग दाखवायला साफ नकार दिला होता. “माया अंगाले काय धाड भरली,” म्हणायची. एक दिवस धुऱ्यावरून येऊन ती कंबर खाजवत होती, तेव्हा रागिणीनं तिचा हात धरला. “आत्याबाई, चला. मले दाखवा. तुमी मायं सगळं पाह्यलं, मी तुमचं पाह्यलं तं काय झालं?” आणि तिला आतल्या खोलीत नेऊन दार लोटून घेतलं.

मी ओट्यावर बसून होतो. टोपलीत सकाळचा हार ओला करून ठेवला होता, चारा कापण्याच्या गडबडीत घालायचा राहिला होता. आतून काहीच आवाज येत नव्हता. नुसतं अंग पाहायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

रागिणी बाहेर आली. तिचे डोळे लाल झाले होते. मी विचारायच्या आतच ती माझ्या शेजारून पाण्याच्या माठाकडे जात म्हणाली, “नवीन एकबी नाई.”

तिच्यामागून माय आली, लुगडं नीट खोचत. कोणाकडे न पाहता तिनं टोपलीतून हार घेतला, स्टूल भिंतीशी ओढलं आणि वर चढली. फरशी तिथं खालीवर आहे. स्टूल डगमगलं. मी उठून धरायला झटकन हात पुढं केला.

माय दचकली. हार तसाच हातात धरून तिनं दुसरा हात कमरेवर ठेवला आणि अंग चोरून भिंतीला टेकली.

मी हात मागं घेतला. स्टूल रागिणीनं धरलं.